अग्नीपुढची जागा

हुओत म्हातारा विहारामागच्या हाडांना अग्नी देणार, आणि वर त्या हाडांचा नातेवाईक म्हणून डोकं भादरून पुढं बसणार, ही बातमी फल्लीनं आणली तेव्हा चांथू खांबांवर उभ्या घराखालच्या चुलीपाशी सोऱ्याच्या दांड्यावर अंगाचा सगळा भार टाकून शेवया पाडत होती. उकळत्या पाण्यात शेवयांची वेटोळी पडत होती. काम अर्ध्यात सोडण्यासारखं नव्हतं, म्हणून तिनं नुसती मान वर केली.

"कोण बसणार म्हणालीस?"

"हुओत आजोबा. खर्च सगळा त्यांचाच. नवा स्तूप, मांडव, वाजंत्री, भन्त्यांना चीवरं, गावजेवण." फल्लीनं न विचारता टोपलीतली मूठभर शेवई तोंडात टाकली. शेजारीण म्हणून तिचा तो हक्कच होता. "आणि शेवया तुझ्याच सांगितल्यात हो, मावशी. अख्ख्या गावाच्या. मीच तुझं नाव सुचवलं."

"त्याचं कोण आहे त्या हाडांत?"

"कुणी नाही, म्हणून तर. बेवारस हाडं ती. आचार्य म्हणाले, कुणीतरी नातं लावून अग्नीपुढं बसल्याशिवाय विधी लागू होत नाही. तर आजोबा म्हणाले, मी लावतो नातं. केवढं मन लागतं बघ याला."

"मन नाही गं," चांथू म्हणाली. "त्याला नुसतं तोंड लागतं, आणि तेही निर्लज्ज."

फल्ली हसली आणि इकडंतिकडं बघून लगेच हसायची थांबली. या गावात हुओतवर हसायचं झालं तर आधी आजूबाजूला बघायची रीत होती, आणि ती रीत पोरं आईच्या दुधाबरोबरच शिकत.

करून करून भागले आणि देवपूजेला लागले, अशी माणसं जगात पुष्कळ असतात. एखादा पापाचा कंटाळा आला की विहाराला घंटा देतो, एखादा पायरीवर नाव कोरून घेतो. त्यांच्याकडे बघून माणूस नाक मुरडतो आणि आपल्या वाटेनं जातो. पण ज्यानं माणसं खड्ड्यात घातली त्यानंच पांढरी वस्त्रं नेसून त्यांचा भाऊबंद म्हणून मिरवायचं, हे चांथूनंही पहिल्यांदाच ऐकलं.

त्या काळ्या कपड्यांच्या दिवसांत, संघटनेनं राज्य घेऊन शहरातली माणसंही शेतात राबायला हाकलली तेव्हा, हुओत या वस्तीचा प्रमुख होता. लिहिता धड येत नव्हतं, पण खिशाला पेनं दोन लावायचा. पेनांच्या संख्येवरून माणसाचा हुद्दा कळायचा असे ते दिवस. शेतात यायचा, बांधावर उभा राहायचा, आणि एखाद्याला अगदी मऊ आवाजात म्हणायचा, "चला, संघटनेनं तुम्हाला शिकायला बोलावलंय." शिकायला गेलेला एकही माणूस परत आला नाही. संघटनेचं राज्य बुडालं तेव्हा हुओत रानात पळाला, आणि दोनेक वर्षांनी नवा शर्ट घालून परत आला. आला तो आला, पुढच्या काही वर्षांत नव्या राज्यातही पुढारी झाला. मुलगा राजधानीत नदीतली रेती विकून गब्बर झाला, आणि बापाच्या दारात गाडी आली. मग गावाला तो हुओत आजोबा झाला. लग्नात पहिला मान त्याचा, नव्या वर्षाला सुनामुली त्याच्या पायावर सुवासिक पाणी घालणार, आणि तो डोळे मिटून आशीर्वाद देणार.

गावाला तरी कुठल्या तोंडानं बोलायचं होतं? संघटना गेल्यावर पहिल्याच हिवाळ्यात याच गावानं तळ्यापलीकडचे खड्डे उकरले होते. दुःखानं नव्हे. शहरातून हाकलून आणलेल्यांच्या तोंडात सोन्याचे दात असतात आणि बायकांच्या शिवणीत अंगठ्या असतात, असं कुणीतरी सांगितलं होतं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते या गावानं कुदळी घेऊन, सहकुटुंब केलं. सोनं घरी नेलं आणि हाडं बांधावर फेकली. पुढं पोरं आजारी पडायला लागली, विहिरीपाशी कुणाला काय काय दिसायला लागलं, तेव्हा घाबरून सगळी हाडं गोळा केली आणि विहारामागं पत्र्याच्या शेडमध्ये फळ्यांवर रचून ठेवली. त्या शेडच्या सावलीत अजून गुरं बसत.

चांथू शहरातली. नवरा बोरिन राजधानीत बाजारापाशी घड्याळं दुरुस्त करायचा. दोघांना बाकीच्यांबरोबर हाकलत इथं आणलं, आणि एका कापणीच्या दिवसांत हुओतनं बोरिनला बांधावरून बोलावून नेलं. त्यानं जाताना मागं वळून पाहिलं, पण त्याचा चश्मा आधीच काढून घेतलेला होता. त्याला ती दिसली की नाही कुणास ठाऊक.

तेव्हापासून ती इथंच होती. राजधानीतली बहीण वाचली होती. ती वर्षानुवर्षं निरोप पाठवायची की ये, त्या दळभद्र्या गावात काय ठेवलंय तुझं? चांथू जायची नाही. बोरिन जिवंत असेल तर तो तिला शोधत इथंच येणार, कारण त्यानं तिला शेवटचं पाहिलं ते इथं. हा वेडेपणा आहे असं तिला कुणी म्हणालं की ती बोटं मोजून सांगायची, अमक्याचा भाऊ थायलंडच्या छावणीतून आला, तमकीचा मुलगा अमेरिकेतून आला, वीस-वीस वर्षांनी आले. ते खरंही होतं. आणि त्या खऱ्यानंच तिचं वाटोळं केलं होतं.

कारण पितरांच्या पंधरवड्यात मेलेले लोक उपाशी पोटी विहारामागून विहार धुंडाळतात, आपल्या माणसानं आपल्या नावानं भाताचा गोळा टाकलाय का बघतात. चांथू आईच्या नावानं टाकायची, सासऱ्याच्या नावानं टाकायची, ओळखीपाळखीच्यांच्या नावानंही टाकायची. बोरिनच्या नावानं तिनं एकदाही टाकला नव्हता. जिवंत माणसाच्या नावानं तो गोळा टाकणं म्हणजे त्याला आपल्या हातानं मारणं. आणि तो मेलेला असेल, तर मग चाळीसेक वर्षं तो प्रत्येक पंधरवड्याला तिच्या दारापर्यंत येऊन उपाशी परत जात होता. अख्ख्या गावाला खाऊ घालणारी बाई आपल्याच नवऱ्याला उपाशी ठेवत होती की काय, एवढंच तिला कळायला हवं होतं. ते सांगू शकणारा माणूस गावात एकच होता. दर वर्षी पंधरवड्याच्या आधी ती हुओतच्या जिन्याखाली जाऊन उभी राहायची, आणि दर वर्षी तो वरून म्हणायचा, "एवढं जुनं कोण लक्षात ठेवतं, बाई?"

लक्षात ठेवतं कोण म्हणे. लढाईच्या आधी कुणी त्याचा बैल मागून नेला आणि लंगडा करून परत आणला, हे तो बैलाच्या रंगासकट सांगायचा.

पुढच्या उपोसथाच्या, उपवासाच्या दिवशी चांथू विहारात गेली. सभामंडपात गाव जमलं होतं. पुढं भन्त्यांच्या आसनाखालोखाल हुओत गादीवर बसला होता, आणि त्याच्या मागं विचेत पंख्यानं वारा घालत होता. विचेत चाळिशी ओलांडलेला बाप्या. आईबाप लहानपणीच गेले, हुओतनं सांभाळला. सांभाळला म्हणजे असा की बाहेर छत्री धरायला आणि आत पंखा हलवायला ठेवला. चांथूला या माणसाकडे बघवत नसे. हुओतचा राग यायचा, पण विचेतची तिला किळसच यायची. एवढा धडधाकट गडी, आणि म्हाताऱ्यानं मान वळवली की याची छत्री आधी वळायची.

आचार्य नोप कार्यक्रम सांगत होते. त्यांचं झाल्यावर चांथूनं हात जोडले. "एक विचारू का, आचार्य? पुण्य सोडणार ते कुणाच्या नावानं?"

"सर्व मृतांच्या."

"त्यांची नावं?"

"नावं कुणाला माहीत आहेत, मावशी? बेवारस ते."

"मग कसं पोचेल? फल्लीच्या सासऱ्याच्या वेळी तुम्ही नाव चुकीचं घेतलंत, तर म्हणालात पुण्य भलतीकडं गेलं. विधी दोनदा केलात, दक्षिणाही दोनदा घेतलीत."

मंडपात खसखस पिकली. आचार्य खाकरले आणि मोठ्या भन्त्यांकडे बघायला लागले. भन्ते अगदी थकलेले, कमी बोलणारे. ते म्हणाले, "नाव घेतलं तर त्या माणसाला पोचतं. नाव नसलं तर ते सर्व प्राणिमात्रांत वाटलं जातं. तेही चांगलंच आहे."

"सर्व प्राणिमात्र म्हणजे डाससुद्धा, भन्ते?"

"डाससुद्धा."

"जळवा?"

"त्याही."

हुओतची मान वळली. म्हाताऱ्याच्या पोटात गाठ झाली होती, राजधानीच्या डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि रोज झोपेत माणसं येऊन पायथ्याशी बसतात असं त्याच्या सुनेनं फल्लीला सांगितलं होतं. फल्लीला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता, मरताना आपलं कसं होईल याची भीती होती, आणि ती भीती घालवायला त्यानं मुलाची तिजोरी उघडली होती.

"एवढा खर्च करून," तो म्हणाला, "जळवांना?"

"मग तुम्हीच नावं सांगा ना," चांथू म्हणाली.

"मला काय ठाऊक? वरून हुकूम यायचे. मी आपला निरोप्या."

"निरोप्याला घर ठाऊक असतं."

"वय झालं माझं. आठवत नाही काही."

"राहू द्या तर मग. जाऊ दे जळवांना. त्यांनीही जन्मभर रक्तच प्यायलंय, लांबच्या नव्हेत त्या तुमच्या."

या वेळी कुणी हसलं नाही. आचार्यांनी पोथी उगीच उघडली आणि मिटली. फल्लीनं चांथूचा पदर खाली ओढला. हुओत आपल्या पायांच्या नखांकडे बघत म्हणाला, "बघतो. त्या दिवशी आठवलं तर सांगेन."

घरी येताना चांथूला स्वतःचीच शिसारी आली. आपण काय सौदा केला हे तिला पक्कं कळत होतं. त्या यादीतलं एक नाव कानावर पडावं म्हणून बोरिनच्या चितेपुढं त्याच्याच मारेकऱ्याला बसवायला ती तयार झाली होती. बसू दे मेल्याला, ती स्वतःला म्हणाली. बोरिन आहे की नाही तेवढं कळू दे. मग ते डोकं भादरो नाहीतर कान कापून घेवो.

विधीच्या आदल्या दिवशी गावातल्या बायकांनी हाडं शहाळ्याच्या पाण्यानं धुतली. चांथूही बसली. बोरिनचा एक दात सोन्याचा होता, म्हणून ती प्रत्येक कवटी वळवून जबडा बघत होती. सोन्याचा दात एकही नव्हता. कुदळीच्या टोकानं फोडलेले जबडे मात्र खूप होते, आणि ते फोडणाऱ्यांच्या सुना तिच्या शेजारी बसून शहाळी सोलत होत्या. तिनं सगळ्या कवट्या सारख्याच मायेनं धुतल्या. दुसरं काय करणार होती?

विधीच्या दिवशी दुपारपर्यंत तिनं शेवया आणि माशाचा रस्सा मांडवात पोचवला आणि हात धुऊन खांबाला टेकून उभी राहिली. चितेवर हाडांची लांब पेटी ठेवली होती, तिच्यावर कागदी फुलं. समोर पांढरी चटई. चटईवर मधोमध हुओत. डोकं, भुवया सगळं साफ करून आलेला, फणसाच्या उकडलेल्या आठळीसारखा दिसत होता. अंगावर पांढरं रेशीम. मागं विचेत छत्री धरून. रेतीवाला मुलगा फोनवर बापाचे फोटो काढत होता. वाजंत्री थांबली, भन्त्यांनी पंचशील दिलं, आणि आचार्यांनी माइक हुओतच्या हातात दिला.

सुरुवातीला तो अडखळला. "थोन. सुतार." मग थांबला. "थोनची बायको, निआरी. पोरं दोन होती." त्यानं घोट पाण्याचा घेतला, डोळे मिटले, आणि मग त्याला लय सापडली. शाळेत पाठ केलेला पाढा म्हणावा तसा म्हणत सुटला. नाव, मग धंदा, मग कुठल्या हंगामात. "केओ, होडीवाला, रोपणीच्या वेळी. म्याओ, केओचा मेहुणा, त्याच दिवशी. सारेथ, नर्स होती, शहरातली. युन, आमच्याच गावचा, वेडसर." एकाही नावाला तो अडला नाही. या माणसाला सगळं तोंडपाठ होतं. आया जिन्याखाली येऊन रडल्या तेव्हा तोंडपाठ होतं, तिनं हात जोडले तेव्हा तोंडपाठ होतं, आणि अश्रूंना जे त्यानं कधी दिलं नाही ते आज तो स्वतःच्या पुण्यासाठी खिरापतीसारखं वाटत होता.

मांडवात मधेच एखादी बाई मटकन खाली बसायची, तेव्हा कळायचं की आत्ता घेतलेलं नाव तिच्या घरचं होतं.

"लेंग," हुओत म्हणाला. "ताडगूळवाला. आमच्याच गावचा. गूळ लपवला म्हणून. त्याची बायकोही, आठवड्यानं."

हुओतच्या तुळतुळीत डोक्यावर ऊन पडलं. त्यानं डोळे उघडले. "छत्री नीट धर रे."

विचेतनं छत्री मिटली. अगदी सावकाश, कापड दांड्याभोवती गुंडाळून. "माझे वडील तापानं गेले म्हणाला होतात तुम्ही," तो म्हणाला. "आईपण."

"ताप होताच तेव्हा सगळीकडं," हुओत म्हणाला आणि माइक पुन्हा तोंडाशी नेला.

विचेत वळसा घालून पुढं आला. चांथूला वाटलं, आता हा म्हाताऱ्याच्या नरड्याला हात घालणार, आणि तिला ते बघायचं होतं. पण त्यानं छत्री मांडवाच्या खांबाला टेकवली, अंगातला शर्ट काढला, आणि चटईवर हुओतच्या पुढं, चितेकडे तोंड करून मांडी घातली. "आचार्य," तो म्हणाला, "न्हाव्याला बोलवा. लेंगचा मुलगा आहे मी."

आचार्यांनी आधी रेतीवाल्याकडे पाहिलं, मग भन्त्यांकडे. जन्मात कधी त्यांनी पैशाच्या दिशेनं पाठ केली नव्हती, आता एकदम कशी करणार? भन्तेच म्हणाले, "वारस असताना परक्यानं अग्नीपुढं बसायचं नसतं. त्याला जागा द्या."

झालं. एकदा एकानं बसून दाखवल्यावर गावाला काय, मेंढरांना वाटच हवी असते. थोनची पुतणी आली. केओचा म्हातारा भाऊ काठी टेकत आला. चांथूच्या डोळ्यांदेखत फल्ली उठली. तीच ती, शेवयांची ऑर्डर आणणारी, केवढं मन लागतं म्हणणारी. म्याओ तिचा थोरला भाऊ होता, आणि चाळीस वर्षांत तिनं हे चांथूपाशी कधी काढलंसुद्धा नव्हतं. फल्लीनं चटईवर बसता बसता हुओतला कोपरानं ढोसलं. "सरका थोडं, आजोबा."

हुओत सरकला. पुन्हा सरकला. चटईच्या काठावर येऊन त्याचं रेशीम मातीला लागलं, तेव्हा त्यानं माइक खाली ठेवला. "बास. पुढचं आठवत नाही."

बोरिनचं नाव अजून आलं नव्हतं.

चांथू खांबापासून सुटली आणि त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "पुढचं म्हणा."

"कशाला म्हणू? म्हणावं तसा एकेक येऊन माझ्या मांडीवर बसतोय. खर्च माझा आणि जागा यांची? आयत्या बिळावर नागोबा सगळे."

"आठवतंय तुम्हाला."

"आठवतंय की. सांगत नाही." आता तो तिच्याकडे बघून चक्क हसला. "तुझ्यावाल्याचं तर अगदी नीट आठवतंय."

लोक बघत होते. चांथू खाली वाकली, गुडघे टेकले, आणि ज्या माणसाला तिनं आयुष्यात कधी नावानंसुद्धा हाक मारली नव्हती, त्याच्यापुढं हात जोडून म्हणाली, "आजोबा, सांगा. माझ्या माणसाची जागा तुम्हाला. मी बसणार नाही, तुम्ही बसा त्याचे म्हणून. शब्द देते."

"मोठ्यानं बोल."

"शब्द देते," ती मोठ्यानं म्हणाली. विचेतनं अर्ध्या भादरलेल्या डोक्यानं वळून तिच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या नजरेत तिला तीच किळस दिसली जी ती वर्षानुवर्षं त्याच्याकडे बघताना बाळगत आली होती.

हुओतचं समाधान झालं. त्यानं माइक उचलला, रेशीम झटकलं. "बोरिन. शहरातला घड्याळवाला. कापणीच्या वेळी, तळ्याकडच्या खड्ड्यात." मग माइक बाजूला धरून, घरगुती गोष्ट सांगावी तसं तिला म्हणाला, "शिकायला नेत नाहीये हे त्याला वाटेतच कळलं होतं. हुशार होता. म्हणाला, बायकोला एवढं सांगा, वाट बघू नको, सुटका झाली की बहिणीकडे जा. सांगायचं राहून गेलं बघ."

चांथू तशीच गुडघ्यांवर राहिली. दर वर्षी ती त्याच्या जिन्याखाली उभी राहायची आणि तो वरून तिच्याकडे बघायचा. तो निरोप तेव्हा त्याच्या तोंडात होता. सात-आठ शब्द. त्यानं ते गिळले, द्वेषानं नव्हे, कशासाठीच नव्हे. ओट्यावरची केराची टोपली उद्या रिकामी करू म्हणून राहावी तसे राहून गेले. आणि ती या गावात म्हातारी झाली, यांच्या लग्नाच्या शेवया पाडत, यांच्या पोरांना मावशी म्हणवून घेत, त्यांचं सोनं कुठून आलं हे ठाऊक असताना. रागानं तिला काही दिसेनासं झालं. मग राग गेला, आणि समोर नुसता एक भुवया नसलेला म्हातारा दिसायला लागला, ज्याच्या ओठाच्या कोपऱ्यात थुंकी जमली होती. एवढ्याशा या प्राण्याला घाबरून अख्खा मुलूख काळे कपडे घालून वाकला होता, याचीच तिला लाज वाटली.

ती उठली आणि चटईवर चढली.

"ए," हुओत म्हणाला. "शब्द दिलायस तू. सगळ्यांनी ऐकलंय."

"माणसाला दिला असता तर पाळला असता," चांथू म्हणाली.

विचेत सरकला आणि त्यानं आपल्या शेजारी जागा केली. फल्लीही सरकली. चटई भरली. हुओत काठावरून खाली मातीत उतरला, कारण तिथं आता त्याला टेकायलाही जागा नव्हती, आणि पांढऱ्या रेशमात उभा राहून तो आचार्यांना विचारत राहिला, "मग माझ्या पुण्याचं काय? आचार्य, माझं काय?" आचार्यांना त्याच वेळी उदबत्त्या लावायची फार घाई झाली. मुलानं फोन खिशात घातला. भन्ते ऐकू न आल्यासारखे बसून होते, किंवा त्यांना खरंच ऐकू आलं नसेल.

चांथूनं केस सोडले. पांढरे, पातळ झालेले केस. बोरिनला ते आवडायचे तेव्हा कमरेपर्यंत होते. न्हावी तिच्या मागं येऊन बसला, शेजारच्या गावचा होता, त्याला इथलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं वस्तरा पाण्यात बुडवला आणि कुणालाही विचारायचं तसं विचारलं.

"आजी, तुमचं कोण?"

"नवरा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटला, म्हणून तिनं पुन्हा नीट सांगितलं. "नवरा. वारला माझा."